ड्रोनवरून भूसुरुंग शोधणारी मल्टिस्पेक्ट्रल यंत्रणा: नाशिकमध्ये शिकताना सुरुवात कुठून करायची

द्राक्षबागांवर मल्टिस्पेक्ट्रल कॅमेऱ्याचे, म्हणजे प्रकाशाच्या अनेक रंगपट्ट्यांत वेगवेगळे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचे, ड्रोन फिरू लागल्यापासून नाशिकच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: याच कॅमेऱ्याने जमिनीतले सुरुंग सापडतील का? काही प्रकारचे सापडतात. मात्र जमीन, गवत, ऊन आणि उडण्याची उंची जुळून यावी लागते. या गोष्टी जुळवून आणायच्या कशा, हे पायरीपायरीने सांगतो. थोडं पायथन येत असेल, भिंग आणि सेन्सर यांचं अकरावी-बारावीचं गणित लक्षात असेल आणि ड्रोनची कागदपत्रं रीतसर असतील, तर पहिली चाचणी एका हिवाळ्यात होऊ शकते.

आधी जिवाची गोष्ट. खऱ्या सुरुंगाच्या किंवा न फुटलेल्या तोफगोळ्याच्या आसपास फिरकायचं नाही. खरा डेटा मिळेल म्हणून देवळालीच्या फायरिंग रेंजकडे वळण्याचा विचारही मनात आणू नका. भारतात सुरुंग पेरणं आणि काढणं हे लष्कराच्या इंजिनिअर दलाचं, म्हणजे सॅपर्सचं काम आहे. आपल्याकडची कितीतरी मुलं खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये भरती होऊन हेच काम करतात. आपण जी यंत्रणा बांधतो, ती अशा माणसाला 'आधी इथे पाहा' एवढंच सांगू शकते. 'इथे काही नाही, खुशाल चाला' असं सांगण्याचा अधिकार आकाशातल्या कुठल्याही कॅमेऱ्याला नाही. पुढचा प्रत्येक निर्णय हे गृहीत धरूनच घ्यायचा आहे.

पहिली पायरी: शोधायचं काय, ते एका वाक्यात लिहा

नवखा माणूस कॅमेऱ्याच्या किमतीपासून सुरुवात करतो. तुम्ही सुरुंगापासून करा. रणगाडाविरोधी सुरुंग साधारण ३० सेंटीमीटर व्यासाचा असतो. माणसांविरुद्धचे सुरुंग बरेचदा तळहाताएवढे असतात आणि मातीखाली बोटभर खोलीवर पुरलेले असतात. तिसरा प्रकार हवेतून विखुरले जाणारे सुरुंग. सोव्हिएत बनावटीचा पीएफएम-१ हा त्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध. फुलपाखरासारखा आकार, सुमारे १२ सेंटीमीटर लांबी, ७५ ग्रॅम वजन, प्लास्टिकचं कवच आणि आत जेमतेम ३७ ग्रॅम द्रव स्फोटक. अफगाणिस्तानात १९८०च्या दशकात हे मोठ्या प्रमाणावर टाकले गेले, आणि खेळणं समजून ते उचलणाऱ्या मुलांचे हात गेले. या कामात पडणाऱ्याने हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावं, असं मला मनापासून वाटतं.

शिकण्यासाठी हा तिसरा प्रकार घ्या, कारण तो जमिनीवर पडून असतो. मल्टिस्पेक्ट्रल कॅमेऱ्याला फक्त पृष्ठभाग दिसतो. पुरलेला सुरुंग त्याला दिसत नाही. दिसते ती उकरलेली माती, वरच्या गवताचा बिघडलेला रंग, तापमानातला किंचित फरक. या खुणा ताज्या असेपर्यंतच उपयोगाच्या. एक चांगला पावसाळा गेला की उकरलेली माती आजूबाजूच्या मातीत मिसळून जाते.

मेटल डिटेक्टर असताना कॅमेरा कशाला, हा प्रश्न तुम्हाला प्रत्येक परीक्षक विचारेल. पारंपरिक शस्त्रांवरील कराराच्या सुधारित दुसऱ्या प्रोटोकॉलनुसार माणसांविरुद्धच्या सुरुंगात ८ ग्रॅम लोखंडाइतका प्रतिसाद देणारा धातू असावा लागतो, म्हणजे तो डिटेक्टरला सापडेल. भारत या प्रोटोकॉलमध्ये आहे. माणसांविरुद्धच्या सुरुंगांवर बंदी घालणाऱ्या १९९७च्या ओटावा करारावर मात्र भारताची सही नाही. जगभर जमिनीत पडलेल्या जुन्या सुरुंगांपैकी अनेकांत याहून खूपच कमी धातू आहे. शिवाय डिटेक्टर घेऊन चालायला माणसाला त्या जमिनीवर पाय ठेवावा लागतो. कुठल्या पट्ट्यात आधी पाय ठेवायचा, हे वरून कळलं तर दिवस वाचतात आणि माणसं वाचतात.

दुसरी पायरी: बँड निवडा

शेतीच्या कॅमेऱ्यात साधारण पाच बँड, म्हणजे रंगपट्टे, मिळतात: निळा, हिरवा, लाल, रेड-एज (लालच्या पुढचा काठ) आणि निअर इन्फ्रारेड (त्यापुढचा, डोळ्यांना न दिसणारा). नॅनोमीटरमध्ये अंदाजे ४७५, ५६०, ६६८, ७१७ आणि ८४०. सुरुवातीला हे पुरतात, आणि असा कॅमेरा कृषी सेवा देणाऱ्यांकडून भाड्याने मिळतो का, ते आधी विचारा.

हिरवं पान लाल रंग शोषतं आणि ७०० नॅनोमीटरच्या पुढे एकदम उजळ होतं. हिरवा रंग दिलेलं साधं प्लास्टिक डोळ्यांना पानासारखं दिसलं, तरी ही उडी बहुधा मारत नाही. म्हणून हिरव्या गवतातला हिरवा तुकडा रेड-एज आणि निअर इन्फ्रारेडमध्ये काळा पडतो. लष्करी छद्मावरणाचे चांगले रंग ही उडी मुद्दाम नक्कल करतात, हेही लक्षात असू द्या.

आपल्याकडे अडचण दिवाळीनंतर सुरू होते. माळावरचं कुसळी गवत वाळून पिवळं पडलं की त्यात हरितद्रव्यच उरत नाही. मग तपकिरी प्लास्टिक, वाळलेलं गवत आणि मुरूम यांचे पाचही बँडमधले आकडे एकमेकांच्या जवळ येतात. इथे शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड, म्हणजे निअर इन्फ्रारेडच्याही पुढचा पट्टा, कामाला येतो. पॉलिथिनसारख्या प्लास्टिकमधल्या कार्बन-हायड्रोजन बंधांमुळे १.२ आणि १.७३ मायक्रॉनच्या आसपास शोषणाचे खड्डे दिसतात. पण नेहमीच्या इंडियम-गॅलियम-आर्सेनाइड सेन्सरची नजर १.७ मायक्रॉनलाच संपते, म्हणजे दुसरा आणि अधिक ठळक खड्डा अगदी थोडक्यात हुकतो. तो कॅमेरा महागही आहे. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका. वाळलेल्या गवताच्या महिन्यांत थर्मल कॅमेऱ्यावर जास्त भर द्या.

एक स्थानिक सूचना. उकरलेली माती ओळखण्याविषयीच्या लेखनात ८ ते ९.५ मायक्रॉनच्या पट्ट्यातल्या क्वार्ट्झच्या खुणेचा उल्लेख वारंवार येतो. ती खूण वाळूमिश्रित जमिनीत छान दिसते. नाशिकची जमीन बेसॉल्टची, आणि बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसतंच. त्यामुळे दिंडोरी-निफाडच्या काळ्या मातीत ती खूण दिसली नाही म्हणून पद्धत चुकीची ठरत नाही, आणि इथे जमलेली पद्धत राजस्थानच्या वाळूत तशीच चालेल असंही नाही.

तिसरी पायरी: उंची, पिक्सेल आणि कॅमेऱ्याची पाच भिंगं

इथे वेळ घालवा. यंत्रणा फसते ती बहुधा याच हिशेबात. जमिनीवरचा पिक्सेल काढायचं सूत्र सोपं: उंची गुणिले सेन्सरचा पिक्सेल, भागिले भिंगाचं केंद्रांतर (फोकल लेंग्थ). पिक्सेल ३.७५ मायक्रॉन आणि केंद्रांतर ५.४ मिलिमीटर धरा. १२० मीटरवरून एक पिक्सेल ८.३ सेंटीमीटरचा होतो. द्राक्षाच्या ओळीसाठी ठीक, पण पीएफएम-१ त्यात दीड पिक्सेलात संपतो. १० मीटरवर तोच पिक्सेल ६.९ मिलिमीटर होतो आणि सुरुंगाच्या लांबीवर सतरा पिक्सेल पडतात. लांबीवर निदान दहा पिक्सेल हवेत, असा माझा आग्रह असतो. त्याखाली दगड आणि सुरुंग यांच्यातला फरक सांगणं अवघड जातं.

आता खाली उतरल्याचे परिणाम बघा. १,२८० पिक्सेल रुंदीच्या सेन्सरला १० मीटरवरून ८.९ मीटरचाच पट्टा दिसतो. शेजारच्या ओळींत ७५ टक्के ओव्हरलॅप हवा, म्हणून ओळी सव्वादोन मीटरवर येतात. एका हेक्टरला १०० मीटरच्या ४५ ओळी, म्हणजे साडेचार किलोमीटर उड्डाण. पुढच्या दिशेने तितकाच ओव्हरलॅप ठेवायचा तर दर १.६ ते १.७ मीटरला एक फोटो हवा. कॅमेरा सेकंदाला एकच फोटो काढत असेल तर ड्रोनचा वेग सेकंदाला १.६ मीटरच्या वर नेता येत नाही. हेक्टरला पाऊण तास, वळणं आणि बॅटरी बदलण्याचा वेळ वेगळा. डेटाही साठतो: सुमारे २,७०० वेळा शटर, पाच बँड, प्रत्येक फोटो अडीच एमबी, एकूण तीसेक जीबी. मेमरी कार्ड आणि लॅपटॉप त्या हिशेबाने घ्या. शटर ग्लोबल, म्हणजे सगळी चौकट एकाच क्षणी टिपणारं, असलं पाहिजे. ओळीओळीने टिपणाऱ्या रोलिंग शटरने हलत्या ड्रोनवरून काढलेला फोटो तिरका होतो.

शेतीच्या कामात कधीच न जाणवणारी एक अडचण या उंचीवर उघडी पडते. पाच बँडची पाच भिंगं एकमेकांपासून साधारण तीन सेंटीमीटरवर बसवलेली असतात, म्हणून प्रत्येक भिंगाला तीच वस्तू किंचित वेगळ्या जागी दिसते. १२० मीटरवरून हा सरक एक तृतीयांश पिक्सेल, म्हणजे नगण्य. १० मीटरवर तो ४.३ पिक्सेल होतो. त्यात एक मीटर उंचीचं झुडूप आलं की झुडपाच्या शेंड्यावर ४.८ आणि त्याच्या बुडाशी ४.३. म्हणजे एकदा ठरवलेली सुधारणा सगळ्या फोटोला लावून भागत नाही. बँड नीट जुळले नाहीत तर प्रत्येक दगडाच्या कडेला लाल-निळी किनार येते, आणि अल्गोरिदम त्या किनारीलाच सुरुंग समजून बसतो. ड्रोनखाली छोटा लेझर उंचीमापक लावा, उंचीप्रमाणे ढोबळ सरक काढा, मग फोटोतल्या खुणा जुळवून उरलेला फरक मिटवा. पंख्यांचा वाराही विसरू नका: १० मीटरवरून तो वाळलेलं गवत हलवतो. सगळी भिंगं एकाच क्षणी उघडणारा कॅमेरा त्यासाठीही हवा. फिरत्या चाकावर फिल्टर बसवलेल्या कॅमेऱ्यात प्रत्येक बँडचा क्षण वेगळा असतो, त्यामुळे हलतं गवत प्रत्येक बँडमध्ये वेगळ्या जागी सापडतं.

चौथी पायरी: थर्मल कॅमेरा आणि निफाडची थंडी

थर्मल कॅमेरा ६४० बाय ५१२ पिक्सेलचा, विनाशीतक (सेन्सर थंड ठेवण्याची यंत्रणा नसलेल्या) प्रकारचा घ्या. १२ मायक्रॉनचा पिक्सेल आणि १३ मिलिमीटरचं भिंग असलं तर १० मीटरवरून जमिनीवर ९ मिलिमीटरचा पिक्सेल मिळतो.

हलकं प्लास्टिक उन्हात पटकन तापतं आणि रात्री पटकन निवतं. माती सावकाश तापते, सावकाश निवते. म्हणून दिवसातून दोनदा दोघांचं तापमान सारखं होतं आणि वस्तू चित्रातून नाहीशी होते. त्या वेळा टाळायच्या. त्या पुस्तकात शोधू नका, स्वतःच्या प्लॉटवर दर अर्ध्या तासाने एकाच ओळीवर उडून आलेख काढा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या आसपास घसरल्याच्या बातम्या येतात आणि दुपारी ऊन चटका देतं. बागायतदाराच्या काळजात धस्स करणारी ही तफावत आपल्या कामाला मात्र उपकारक आहे. निरभ्र रात्रीनंतर सूर्य वर येऊ लागला की फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो. कॅमेरा उडण्याआधी पंधरा मिनिटं चालू ठेवा. थंड असताना त्याचे आकडे सरकत राहतात.

पाचवी पायरी: प्लॉट, नमुने आणि परवानग्या

२०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमच्या वर २ किलोपर्यंतचा ड्रोन मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल. दोन कॅमेरे लटकवले की तुम्ही बहुधा स्मॉलमध्ये जाता, म्हणजे नोंदणी क्रमांकाबरोबर रिमोट पायलट प्रमाणपत्रही लागतं. ओझरचा विमानतळ आणि एचएएल, गांधीनगरचं आर्मी एव्हिएशनचं प्रशिक्षण केंद्र, देवळालीचं तोफखाना केंद्र: नाशिकभोवती अशा जागा इतक्या आहेत की जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोन-क्षेत्रांचा नकाशा उघडलाच पाहिजे. हिरव्या क्षेत्रातही, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या भागातही, उड्डाणाच्या दिवशी तो पुन्हा पाहा. परदेशी तयार ड्रोनची आयात फेब्रुवारी २०२२पासून संशोधनासारखे मोजके अपवाद वगळता बंद आहे. सुटे भाग आणून जुळवण्याला आडकाठी नाही.

नमुने स्फोटकाशिवायचेच. थ्री-डी प्रिंटरवर तशा आकाराची प्लास्टिकची कवचं काढा आणि आत सिलिकॉन रबर भरा, म्हणजे वजन आणि उष्णतेचं वागणं खऱ्याच्या थोडं जवळ जातं. प्रत्येकावर ठळक 'नमुना, निर्धोक' आणि क्रमांक रंगवा, खालच्या बाजूला. जमीनमालक, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणं, तिघांना लेखी कळवा. गुराख्याच्या पोराला असली वस्तू सापडली तर गावात घबराट पसरेल, आणि त्याहून वाईट म्हणजे अशी वस्तू उचलायची त्याला सवय लागेल. काम संपलं की क्रमांक टाकून प्रत्येक नमुना परत गोळा करा.

प्लॉट साफ करू नका. ठिबकच्या नळीचे काळे तुकडे, गुटख्याच्या पुड्या, खताच्या गोणीचे धागे, वाळलेलं शेण, घुशीने उकरलेली माती हे सगळं आहे तसं राहू द्या आणि त्याची नोंद करा. खऱ्या सुरुंगक्षेत्रातही कचरा असतोच, आणि यंत्रणेची परीक्षा तोच घेतो.

सहावी पायरी: उड्डाण

मल्टिस्पेक्ट्रलसाठी सूर्य वर हवा, पण अगदी डोक्यावर नको. मे महिन्याच्या उत्तरार्धात नाशिकला भर दुपारी सूर्य जवळपास माथ्यावर येतो आणि ड्रोनची सावली थेट फोटोत पडते. डिसेंबरात मध्यान्हीलाही सूर्य ४६-४७ अंशांवर असतो. १० मीटरवरच्या ड्रोनची सावली साडेनऊ मीटर लांब, चौकटीबाहेर जाते.

प्रत्येक उड्डाणाच्या आधी आणि नंतर परावर्तनाच्या राखाडी पॅनलचा, म्हणजे किती उजेड परत फेकतो ते आधीच माहीत असलेल्या पाटीचा, फोटो घ्या. पॅनलवर तुमची सावली नको, आणि पांढरा शर्ट घालून त्याच्या शेजारी उभंही राहू नका. शर्टाचा उजेड पॅनलवर पडतो आणि सगळ्या उड्डाणाचे आकडे बिघडतात. ढग येत-जात असतील तर त्या दिवशी उडू नका.

जागा सेंटीमीटरमध्ये नेमकी हवी, म्हणून आरटीके (उडतानाच चूक सुधारणारं) किंवा पीपीके (उड्डाणानंतर सुधारणारं) जीपीएस लागतं. जमिनीवरच्या नियंत्रण खुणा, म्हणजे नेमकी जागा मोजून ठेवलेल्या खुणा, फक्त प्लॉटच्या कडेने ठेवून सराव करा. खऱ्या ठिकाणी आत जाऊन खूण मांडता येणार नाही, तेव्हा इथे आत खुणा मांडून मिळालेल्या अचूकतेचा उपयोग नाही.

सातवी पायरी: फोटोतून संशयित जागा

सगळे फोटो शिवून एक मोठा नकाशा करण्याचा मोह टाळा. शिवताना सॉफ्टवेअर शेजारच्या फोटोंतले पिक्सेल मिसळतं आणि छोट्या वस्तूची कडा पुसट होते. शोध सुट्या फोटोंवर चालवा आणि सापडलेल्या जागा नंतर नकाशावर टाका. ७५ टक्के ओव्हरलॅपमुळे तीच जागा पंधरा-सोळा फोटोंत येते. एकाच फोटोत चमकलेली गोष्ट बहुधा पानावरची तिरीप असते. दहा फोटोंत आलेली गोष्ट पाहण्यासारखी.

पहिला अल्गोरिदम म्हणून आरएक्स वापरा; तो आजूबाजूपेक्षा वेगळा पिक्सेल शोधतो. रीड आणि यू यांनी तो १९९० साली मांडला. आजूबाजूच्या जमिनीची सरासरी आणि सहविचलन (कोव्हेरियन्स, म्हणजे बँडचे आकडे एकमेकांबरोबर कसे बदलतात ते) काढायचं आणि मधला पिक्सेल त्यापासून किती दूर आहे ते मोजायचं. सुरुंग कसा दिसतो हे त्याला शिकवावं लागत नाही, म्हणून थोड्या डेटावरही चालतो. मध्ये सुरुंगापेक्षा मोठी खिडकी वगळायला विसरू नका, नाहीतर सुरुंग स्वतःच पार्श्वभूमीत मोजला जातो.

त्यानंतर न्यूरल नेटवर्क. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या गटाने २०२०मध्ये पीएफएम-१ ड्रोनवरून ओळखण्याचे निकाल प्रसिद्ध केले. प्रशिक्षणात अंशतः वापरलेल्या जागेच्या चाचणीत अचूकता ९९.३ टक्के आली, आणि पूर्णपणे बाजूला ठेवलेल्या जागेवर ७१.५ टक्के. दोन्ही आकडे त्यांनी मांडले, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. एका उड्डाणाचे फोटो कापून अर्धे शिकवायला, अर्धे तपासायला वापरले की पहिल्यासारखा आकडा मिळतो. तपासणीचा प्लॉट वेगळा ठेवा: शिकवायला दिंडोरीची काळी जमीन, तपासायला सिन्नरचा मुरमाड माळ.

आठवी पायरी: आंधळी चाचणी

नमुने मांडणारा वेगळा आणि उडवणारा वेगळा. मांडणाऱ्याने नकाशा पाकिटात बंद करून तिसऱ्याकडे द्यायचा. दहापैकी दहा सापडले तर कौतुक जरूर करा, पण ९५ टक्के खात्रीने त्यातून एवढंच म्हणता येतं की शोधण्याची शक्यता ७४ टक्क्यांपेक्षा जास्त आहे. तीच शक्यता ९५ टक्क्यांच्या वर आहे असं त्याच खात्रीने म्हणायला ५९ पैकी ५९ सापडावे लागतात. एक हुकला की नमुन्यांची संख्या आणखी वाढते. सोबत खोटे इशारे दर हेक्टरी किती, तेही लिहा. प्रत्येक इशाऱ्यापाशी कोणीतरी गुडघ्यावर बसून माती खरवडणार आहे. शंभर खोट्या इशाऱ्यांनंतर त्याचं लक्ष ढळलं तर दोष यंत्रणेचा.

शेवटचा नकाशा तीन थरांत द्या. पहिल्यात संशयित जागा, अक्षांश-रेखांश, किती फोटोंत दिसली ते आणि त्रुटीचं वर्तुळ. दुसऱ्यात उड्डाणाची तारीख, वेळ, उंची आणि आधीचा पाऊस केव्हा पडला ते. तिसरा थर बहुतेक जण देतच नाहीत: कॅमेऱ्याला न दिसलेली जमीन. वेड्या बाभळीखालची सावली, गाजर गवताचे दाट पुंजके, बांधाची पलीकडची उतरण, हे सगळं तिरक्या रेघांनी भरा, आणि त्या रेघांखालच्या जमिनीचं क्षेत्रफळ पहिल्या पानावर लिहा.